पाण्यातला ण

द्वारका राऊत यांना आपल्या हातून घडलेल्या कामाचा अभिमान वाटावा असे प्रसंग आयुष्यात फार थोडे आले. त्यातला एक आला तो नेमका नको त्या घडीला.

भाद्रपदातली दुपार होती. नंदाखाल गावातल्या त्यांच्या घराच्या ओटीवर जात-पडताळणी समितीकडून आलेले अधिकारी बसले होते. गावंडे त्यांचं नाव. माणूस शांत, पन्नाशीकडे झुकलेला, चहात साखर नको म्हणणारा. समोर खुर्चीच्या अगदी कडेवर रुचिता वाघ, वय अठरा, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. बारावीला चांगले गुण पडले होते आणि नर्सिंगच्या कॉलेजात आदिवासींच्या राखीव जागेवर प्रवेशही मिळाला होता. आता ती खरोखर कातकरी आहे, एवढंच सरकारनं मान्य करायचं राहिलं होतं. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत तो दाखला कॉलेजात गेला नाही, तर जागा जाणार होती.

दुसऱ्या कुणाचं असतं तर काम कागदावर भागलं असतं. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांची कुठलीशी नोंद, असं काही पुढे केलं की झालं. पण वाघांच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेली रुचिता पहिलीच. तिचे आजोबा कुठल्या डोंगराखाली जन्मले हे त्यांच्या आईलाच ठाऊक, आणि ती सांगायला उरली नव्हती. कागद नसला की मग माणसालाच विचारावं लागतं: तुमचे देव कोण, रीती काय, बोली कशी.

द्वारकाबाईंना मध्ये बोलायची मनाई होती. विंगेत उभं राहावं तशा त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

“तुमच्यात लग्न कोण लावतं?” गावंडेंनी विचारलं.

“गुरुजी लावतात,” रुचिता म्हणाली. “आदल्या दिवशी हळद असते. मग पुण्याहवाचन. नंतर अंतरपाट धरतात.”

“आणि घरातलं कुणी वारलं तर?”

“दहाव्या दिवशी पिंडदान करतात. कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात.”

एकेक शब्द घासूनपुसून मांडल्यासारखा. प्रत्येक ‘ण’ टाळूवर असा वाजत होता, की मुरलेल्या नटीनंही कान टवकारावेत. द्वारकाबाईंचा ऊर भरून आला. पण तो अभिमान दोन श्वास टिकला असेल नसेल. पोरगी सांगत होती ते लग्न त्यांच्या भाचीचं होतं, रिद्धीचं, आणि कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले होते ते त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला.

“तुमची बोली येते?”

“येते ना.”

“मग चार वाक्यं बोला. आजीशी बोलता तशी.”

रुचितानं आधी द्वारकाबाईंकडे पाहिलं, मग छपराकडे. जे बोलली ते पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं निघालं. फक्त शेवटी एक ‘गं’ लावलेला.

गावंडेंनी पेनाचं टोपण लावलं. “आजी कुठं असतात?”

“कामणजवळ. करंजपाड्यावर.”

“मग पुढच्या आठवड्यात तिकडंच येतो. आजींना घरी थांबायला सांगा.”

फाटकापर्यंत पोचवायला द्वारकाबाई गेल्या. तिथं बुटाची नाडी बांधता बांधता ते हळूच म्हणाले, “पोरगी हुशार आहे, बाई. पण ती तुमच्याच घरातली वाटते हो.”

एरवी हे वाक्य त्यांनी दागिन्यासारखं मिरवलं असतं.

घराणं बागायतदारांचं. केळी, नारळ, मोगरा, कडेनं अळू. विहिरीचं पाणी गोड. थोरले भाऊ दयाराम वाडी बघत, आणि वाडीच्या टोकाला दोन खोल्या त्यांनी बहिणीला काढून दिल्या होत्या, कारण बहिणीनं लग्न केलं नाही आणि धड चाललेली शिक्षिकेची नोकरीही मुदतीआधी सोडली. “आमची द्वारका म्हणजे देवळातली घंटा,” दयारामभाऊ पाहुण्यांना सांगत. “येईल त्यानं वाजवावी, जाईल त्यानं वाजवावी.” त्यात कौतुक किती आणि कुचकेपणा किती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तरुणपणी गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. द्वारका त्यात कधी उभी राहिली नाही. प्रॉम्प्टिंग मात्र दर वर्षी तिचंच. पडद्याआड स्टुलावर बसून ती सगळ्यांची वाक्यं सांभाळायची. राजा अडखळला की तिच्या कुजबुजीवर राज्य तरून जायचं, आणि टाळ्या राजाला. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. काही माणसांची जागाच तशी असते, आणि ती जागा रिकामी राहिली तर नाटक उभं राहत नाही.

कामणच्या बाजूला शाळेत नेमणूक झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा कातकऱ्यांची पोरं पाहिली. दिवाळी सरली की पाडा रिकामा व्हायचा. आईबाप वीटभट्ट्यांवर निघत, पोरं त्यांच्यामागं, आणि परत यायची ती पावसाच्या तोंडावर, वर्षभराचं विसरून. असतील तेव्हाही मागच्या भिंतीला टेकून गप्प बसायची. एकदा दिवाळीआधीच्या ऑक्टोबरच्या उन्हात त्यातला एक पोरगा वर्गात चक्कर येऊन पडला. त्याला पाणी पाजलं तर हपापल्यासारखं प्यायला. सकाळपासून तहानलेला होता.

“अरे, मग मागितलं का नाहीस?” द्वारकाबाईंनी विचारलं.

त्याच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “तो पानी म्हनतो, बाई. मग पोरं हसतात.”

त्या दिवसापासून द्वारकाबाईंच्या कामाची दिशा ठरली. भट्टीच्या हंगामात पोरं त्या आपल्या घरी ठेवून घेऊ लागल्या. आधी चार-पाच, पुढं जास्त. पदराला खार लावून, लोकांकडून तांदूळ-डाळ मागून. वाडीतली केळी होतीच. आणि घरात एक नियम केला. माठाशी उभं राहायचं, ‘पाणी’ म्हणायचं, मगच पेला हातात मिळायचा. ‘पानी’ म्हटलं तर पुन्हा. “इथं हसणारं कुणी नाही,” त्या सांगायच्या. “इथं पोटभर चुका, तिथं चुकू नका.” सकाळी दात घासून झाले की ओटीवर रांग: पाणी, लोणी, आणि, कोण. नवी पोरं रडायची. मग शिकायची.

त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. त्यांनी स्वतःच्या जिभेवर आधी हेच केलं होतं. मुंबईला शिक्षिकेच्या कोर्सला गेल्या तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुली त्यांच्या घरच्या बोलीवर खोखो हसल्या होत्या. सुट्टीला घरी आल्या त्या बदललेल्या तोंडानंच. आई होती तोवर तिच्याशी तरी जुनं बोलणं व्हायचं. आई गेली आणि ते बोलणं तिच्यासोबत गेलं. दयारामभाऊ अजून घरच्या बोलीत विचारत, आणि द्वारकाबाई छापील मराठीत उत्तर देत.

इतकी वर्षं हे चाललं. काही पोरं शिकली, बरीचशी मधूनच पळाली. कुणी गोदामात हमाल झालं, कुणी टेम्पो चालवू लागलं, एक जण दारूत गेला. सभेत हार-शाल मिळायची त्या दिवशी बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी रेशनकार्डासाठी पुन्हा सरकारी कचेरीचा तोच जिना. आता गुडघे बोलत. थकवा झोपून जात नव्हता. पडदा पडल्यावर सेट आवरायला एकटंच मागं राहावं, तसं हल्ली रोजच वाटे.

रुचिता सहाव्या वर्षी आली होती. पाड्यावर तिला चिमी म्हणत. शाळेत घालताना रुचिता हे नाव द्वारकाबाईंनीच दिलं. भट्टीवर आई वारली, बापानं दुसरं घर केलं, आणि ही पोरगी हंगामापुरती आलेली कायमची राहिली. होळीला आणि मे महिन्यात चार दिवस पाड्यावर आजीकडं जायची आणि अंगावर पुरळ घेऊन परत यायची. सगळ्या पोरांत हिचा ‘ण’ सगळ्यात आधी लागला होता.

“तू तिला इतकी घासलीस की कल्हईच उडाली,” रोवेना म्हणाली.

रोवेना भुईगावची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, दर गुरुवारी करंजपाड्यावर बायकांचं रक्तदाब-बिक्तदाब बघायची, आणि वय झालं तरी स्कूटर सोडायला तयार नव्हती. पाड्याबाहेर द्वारकाबाईंना एकेरीत बोलणारी दयारामभाऊंखेरीज ती एकटीच.

“हसायचे गं पोरांना,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मला काय कमी हसले? आमची पोरं चर्चमध्ये प्रार्थना मराठीत म्हणतात, शाळेत कविता इंग्रजीत म्हणतात, आणि जांभळाच्या झाडावरून पडली की आमच्या बोलीत बोंबलतात. तिन्ही दुकानं उघडी. तू एक उघडलंस नि दुसऱ्याला कुलूप घातलंस.”

“आता झालं ते झालं. पुढं काय करायचं ते सांग.”

“तू प्रॉम्प्टर ना? कर तालीम.”

ती टोमणा मारत होती. द्वारकाबाईंनी तो सल्ला म्हणून घेतला. बुडत्याला काडी काय आणि ओंडका काय.

दुसऱ्याच दिवशी रोवेनाच्या स्कूटरवर मागं द्वारकाबाई, आणि रुचिता बसनं, अशा तिघी कामणला पोचल्या. नाक्यापासून आत दुतर्फा गोदामंच गोदामं, निळ्या पत्र्यांची, पुढं मालाचे ट्रक ओळीनं उभे. गोदामं संपली की एक ओहोळ आणि पलीकडं करंजपाडा. रुचिताची आजी बुधीबाय दारात बसून खेकड्यांच्या नांग्या मोडत होती. अंगानं काटकुळी, तोंडात मोजून चार दात, नजर मात्र कशातूनही आरपार जाणारी. दारातल्या दगडाला पाठ लावून ती सगळं ऐकून घेत होती: साहेब येणार, साहेब विचारणार, चिमीला आपली बोली आणि आपल्या रीती आठवडाभरात शिकवायच्या.

“आता शिकवू?” बुधीबाय म्हणाली. “बाय माझे, बोली काय भात हाय? लावला नि उगवला?”

“निदान लग्नाचं तरी सांगा. लग्न कोण लावतं तुमच्यात?”

“आमचाच जानता मानूस लावतो. भट कशाला? भटाला आमची वाट तरी ठाव हाय का?”

“ऐकलंस, रुचिता? म्हण. आमच्यातला जाणता माणूस.”

“आमच्यातला जाणता माणूस,” रुचिता म्हणाली.

“तसं नाही गं. आजी म्हणाली तसं.”

तोवर दाराभोवती बायका आणि पोरं जमली होती. रुचितानं आजीचे शब्द तिच्याच चालीत म्हणायचा प्रयत्न केला, आणि सगळी पोरं पोट धरून हसली. एक बारकी मुलगी ओरडली, “चिमी मास्तरीन झाली.” रुचिताच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. तिला लोकांच्या हसण्यापासून वाचवण्यासाठीच सारा खटाटोप केला होता. आज तिच्याच दारात तिच्यावर हसत होते, आणि कारण उलटं होतं.

द्वारकाबाईंनी तिला बाजूला घेतलं. आवाज त्यांच्या नकळत वर्गातला झाला. “हे बघ, सोपं आहे. साधा शब्द घे. पानी म्हण.”

रुचिता त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “बाई, आधी तुम्ही म्हणा.”

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. जीभ आपसूक टाळूला जाऊन चिकटली, आणि जे बाहेर आलं ते ‘पाणी’च होतं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. रोवेनाला हसू आवरेना, मग तिला स्वतःच्याच हसण्याचं वाईट वाटलं आणि ती स्कूटरकडं निघून गेली.

“मी कातकरी आहे हे खरं आहे ना, बाई?” रुचितानं विचारलं.

“खरं आहे. त्यात काय विचारायचं?”

“मग मला कातकऱ्याचं काम का करावं लागतंय?”

द्वारकाबाईंजवळ उत्तर होतं. जागा जाईल, वर्ष जाईल, मग पुन्हा पाडा, पुन्हा भट्टी, कुणातरी पोराशी लग्न, विशीत दोन लेकरं. असं किती जणींचं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पण हे सगळं त्या बुधीबायच्या दारात, बुधीबायसमोर कसं बोलणार? त्या एवढंच म्हणाल्या, “एका दिवसापुरतं आहे गं. पाठ कर.”

“आणि त्यांनी पाठ केलेलं सोडून दुसरं विचारलं तर?”

प्रॉम्प्टरच्या वहीत नसलेलं वाक्य समोरच्यानं टाकलं की काय होतं हे द्वारकाबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

आठवडाभर रुचितानं काही पाठ केलं नाही. द्वारकाबाई रागावल्या, विनवण्या केल्या, एक वेळ जेवल्याही नाहीत. पोरगी भांडी घासायची, केळीच्या लोंगरांना पिशव्या बांधायला दयारामभाऊंना मदत करायची, आणि विषय निघाला की उठून जायची. नाटक पडणार हे प्रॉम्प्टरला सगळ्यांच्या आधी कळतं. द्वारकाबाईंना ते कळून चुकलं होतं.

ठरल्या दिवशी गावंडे सरकारी जीपमधून आले. बुधीबायनं पहाटेच जमीन सारवून ठेवली होती. ओलसर सारवण पाहून साहेबांनी न सांगताच बूट बाहेर काढले आणि आत येऊन चटईवर मांडी घातली. दारात पाड्यावरच्या बायका दाटीवाटीनं उभ्या. द्वारकाबाई आत, भिंतीशी.

“बोला,” गावंडे रुचिताला म्हणाले. “आज तरी आठवतंय का काही?”

“साहेब, मागच्या वेळी मी तुम्हाला बाईंच्या घरच्या रीती सांगितल्या,” रुचिता म्हणाली. शब्द अडत नव्हते. “मला त्याच माहीत आहेत. माझ्या घरच्या मला येत नाहीत. सहा वर्षांची असताना मी तिकडे गेले.”

“शिकवलं नाही कुणी? मी वेळ दिला होता.”

“शिकवत होते. मीच नाही शिकले. पाठ करून सांगितलं असतं तर ते माझं झालं नसतं.”

द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. वाटलं, गेलं. बारा वर्षं एका वाक्यात गेली.

“हे मी असंच लिहिलं, तर तुमच्या विरुद्ध जाईल,” गावंडे म्हणाले. त्यांचा स्वर धमकावणीचा नव्हता. गावातल्या कुणा वडीलधाऱ्यानं सांगावं तसा होता.

“लिहा, साहेब.”

त्यांनी लिहिलं. मग सुस्कारा टाकून ते बुधीबायकडे वळले. देव कोणते, मूल झालं की काय करतात, माणूस गेलं की काय करतात. बुधीबायनं प्रमाण मराठीची वाट धरलीच नाही. ती आपल्या बोलीत सुटली, आणि अशी की ओहोळाला पूर यावा. हात चालू, मान चालू, मध्येच दारातल्या बायकांची साक्ष. गावंडे मान डोलावत होते, पण पेन मागं पडत होतं. तीनांतला एक शब्द त्यांना लागत असावा. द्वारकाबाईंना किती लागत होते, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

आणि बोलता बोलता, त्याच गंभीर चेहऱ्यानं, त्याच सुरात, बुधीबाय काहीतरी म्हणाली.

दारातल्या बायका फिसकन हसल्या. त्याच क्षणी रुचिताही. तोंडावर हात दाबला तरी हसू थांबेना. खांदे हलू लागले, डोळ्यांत पाणी आलं, ती आजीच्या मांडीवर कोसळली आणि आजीनं तिच्या पाठीत एक धपका घातला. पोरगी आणखीच हसली. झोपडीभर हसू भरलं. त्यात दोघंच हसत नव्हती, साहेब आणि द्वारकाबाई.

“काय म्हणाल्या?” गावंडेंनी विचारलं.

“काही नाही, साहेब.”

“काही नाही कसं? मला लिहावं लागतं.”

रुचितानं डोळे पुसले. “राग नाही ना येणार?”

“सांगा तर.”

“ती म्हणाली, साहेबाच्या मोज्यातून अंगठा बघतोय. जात त्याला विचारा, तो खरं सांगेल.”

गावंडेंनी खाली पाहिलं. उजव्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा पुरता बाहेर. त्यांनी तो लपवला नाही.

“पण त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?” त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं.

“अंगठा नाही म्हणाली ती.” रुचिता अडखळली, शब्द शोधू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला शुद्ध मराठीत शब्द सापडत नव्हता. “पावसात खेकडा बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो ना, अर्धा आत, अर्धा बाहेर? पकडायला गेलं की आत, हात काढला की बाहेर. त्या खेकड्याला आमच्यात एक शब्द आहे. ती तो म्हणाली. मराठीत तो नाहीच, साहेब. मी तरी काय सांगू?”

गावंडेंनी पेन खाली ठेवलं. मग तेही हसले, आवाज न करता, आणि अंगठा आत ओढून घेतला. बायकांनी ते पाहिलं, आणि पुन्हा एकदा सगळी झोपडी हसली, कारण खेकडा बिळात गेला होता.

त्यानंतर त्यांनी बराच वेळ लिहिलं. निघताना उंबऱ्याबाहेर बूट घालत ते द्वारकाबाईंना म्हणाले, “बोलता येत नाही, असं लिहिलंय. पण कळतं सगळं, असंही लिहिलंय. विनोद पाठ करून कळत नाही, बाई. आमच्या घरी आजी अशीच वऱ्हाडीत बोलायची आणि माझी मुलं नुसती तोंडाकडं बघायची.” आणखी काही सांगायचं होतं त्यांना, पण जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

दाखला वेळेत आला आणि रुचिताची जागा राहिली, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

पण ते पुढचं. त्या दिवशी जीप गेल्यावर द्वारकाबाईंना आधी बसावंसं वाटलं. बुधीबायनं चटई झटकून दिली आणि कोरा चहा ठेवला. अंगातून ताप उतरावा तशा त्या बसून राहिल्या. आनंद होईल असं वाटलं होतं. आला तो नुसता शीण, इतक्या वर्षांचा, एकदम. इतकी वर्षं त्या या पाड्यावर येत होत्या. इथल्या बाळंतपणांना धावल्या होत्या, मयतांना उभ्या राहिल्या होत्या, कोर्टात साक्षीला गेल्या होत्या. आणि आज त्यांच्यासमोर एक म्हातारी विनोद करून गेली आणि तो त्यांना कळला नव्हता. त्याआधी असे किती होऊन गेले असतील? त्यातले किती त्यांच्यावरच असतील?

“बुधीबाय,” त्यांनी विचारलं, “माझ्यावर पण हसता का गं तुम्ही?”

बुधीबायनं चहात फुंकर मारली. “रोज,” ती म्हणाली. “तू काय परकी हायेस का, तुला सोडू?”

पलीकडच्या घरातली एक तरुण बाई तेवढ्यात लेकीला कडेवर घेऊन आली. पोर चारेक वर्षांची, शेंबडी, डोळे टपोरे. “बाई, औंदा हिला न्या तुमच्याकडं. चिमीसारखी बोलायला शिकवा.”

नेहमीचं उत्तर द्वारकाबाईंच्या ओठांवर होतंच. दिवाळीला आणून सोड, दोन जोडी कपडे दे. ते त्यांनी दिलं नाही. नाहीही म्हणाल्या नाहीत. पोरीचं नाक पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, “गुरुवारी येते. तेव्हा बोलू.” दिवाळीपर्यंत काय ते ठरवावं लागणार होतं. भट्टी कुणासाठी थांबत नाही. पण आज काही ठरवायची ताकद त्यांच्यात नव्हती.

त्या उठल्या. “चल गं, रुचिता. बस चुकेल.”

रुचिता चुलीपाशी आजीच्या बाजूला बसून राहिली. खेकड्याच्या नांग्या कशा मोडायच्या ते बघत होती, आणि आजी तिच्या हातावर मारत होती. “बाई, मी राहते इथं. कॉलेज सुरू होईपर्यंत.”

“आता कशाला? साहेब तर गेले.”

“गेले म्हणूनच.”

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. कपडे नाहीत आणले. ओहोळाचं पाणी उकळून पी. रात्री उघड्यावर जाऊ नकोस एकटी. द्वारकाबाईंनी त्यातलं पहिलंच वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. रुचिताला हे सगळं ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि ओहोळ ओलांडला. मागं दारातून बुधीबाय काहीतरी म्हणाली आणि रुचिता हसली. द्वारकाबाई थांबल्या नाहीत.

गोदामांच्या रांगेतून चालताना ट्रकवाले हॉर्न देत होते. त्या कडेकडेनं, खड्डे चुकवत चालल्या. गुडघा ठणकत होता. कामण नाक्यावर बस निघून गेली होती; एक शेअर रिक्षा उभी होती, रिकामीच. रामू रिक्षावाला त्यांना इतक्या वर्षांत ओळखू लागला होता.

“आज एकट्याच, बाई?” त्यानं विचारलं. “पोरगी कुठंय?”

“तिच्या घरी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“बसा मग. पण सीट भरायला वेळ लागेल हां.”

“लागू दे,” त्या म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर कोपऱ्यात सरकून, पिशवी मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसल्या.